पथ्याची भाषा आणि शुश्रूषेचे शिक्षण

परिचर्येच्या विद्यार्थिनींना चिकित्साहार हा विषय शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे शिकविला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु वैद्याने लिहून दिलेला आहार रुग्णाच्या ताटात उतरतो तो परिचारिकेच्या तोंडच्या चार मराठी शब्दांतून. ते शब्द रुग्णाच्या भाषेत कोणत्या अर्थाने वावरतात, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम 'पथ्य' हाच शब्द घेऊ. त्याचा संबंध 'पथ' म्हणजे मार्ग या शब्दाशी आहे. शरीरमार्गास हितकर ते पथ्य, असा त्याचा मूळ विधायक अर्थ. मराठीत मात्र 'पथ्य पाळणे' म्हणजे काहीतरी वर्ज्य करणे, असा निषेधपर अर्थ रूढ झाला. वस्तुतः भाजलेल्या रुग्णास प्रथिने व उष्मांक नेहमीपेक्षा अधिक लागतात. त्याच्या आप्तांना नुसते 'पथ्य सांभाळा' असे सांगितले, तर ते ताटातील पदार्थ कमी करतील. रुग्ण अन्नाच्या सान्निध्यातही उपाशी राहतो, ही तक्रार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवरील आपल्या पुस्तकात केली होती. तिचे एक कारण भाषेतही असू शकते.

शस्त्रक्रियेपूर्वीची सूचना याहून नाजूक आहे. 'उपाशी राहा' असे सांगितल्यावर काहींच्या मनात 'उपास' उभा राहतो, आणि उपासाला साबुदाणा चालतो. शिवाय मराठीत चहा 'खात' नाहीत, 'घेतात'. म्हणून दुधाचा चहा घेतलेला मनुष्यही 'सकाळपासून काही खाल्ले नाही' असे म्हणतो, आणि ते खोटे नसते. भूल देताना जठरातील द्रव्य फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. याकरिता नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलके अन्न किंवा दूध घेतल्यानंतर सामान्यतः किमान ६ तास, व स्वच्छ पाणी घेतल्यानंतर २ तास जाऊ देतात. दुधाचा चहा दुधातच मोडतो, हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

'मीठ' या शब्दाची कथा अशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांकरिता मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे सुमारे २ ग्रॅम सोडियम, अशी आहे. पण 'सैंधव' हा शब्द निराळा असल्यामुळे वस्तूही निराळी वाटते. रसायनदृष्ट्या तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच होय. लोणचे, पापड, खारवलेली मासळी यांना तर कोणी मीठ म्हणतच नाही. उलटपक्षी, रुग्णास भेटावयास येताना आणलेले शहाळे सर्वांस निरुपद्रवी वाटते; मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास मात्र त्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते.

'गोड' हे चवीचे नाव आहे, पिष्टाचे नव्हे. 'गोड बंद' ऐकून मधुमेही साखर सोडतो, पण भात व साबुदाणा यांचे प्रमाण तसेच राहते. हाच निषेध दुसऱ्या टोकालाही नडतो. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून दरदरून घाम सुटला, तरी शुद्धीवर असलेला रुग्ण 'मला गोड चालत नाही' म्हणून साखर नाकारतो. त्या वेळी सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून देणे, व १५ मिनिटांनी रक्त पुन्हा तपासणे, हाच उपचार असतो.

ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांच्या परिसरात ही अडचण दुणावते. येथे आगरी-कोळी वस्तीतील, मुरबाड-शहापूरकडील आणि घाटावरून आलेले रुग्ण शेजारी शेजारी असतात. एकाचे 'कालवण' म्हणजे मासळीचे, तर दुसऱ्याचे म्हणजे कोणताही रस्सा. एकास पेज ठाऊक, तर दुसऱ्यास आंबील. 'हलका आहार घ्या' या वाक्याचा अर्थ खाटेगणिक बदलतो.

यावरील उपाय साधा आहे. सूचना देताना गुणवाचक शब्द टाळून पदार्थाचे नाव, माप व वेळ सांगावी. नंतर 'समजले ना?' असे न विचारता, 'आता घरी काय काय खाल, ते सांगा' असे विचारून रुग्णाकडून ती सूचना वदवून घ्यावी. 'समजले' हे उत्तर बहुधा सौजन्याचे असते. पदार्थांची यादी मात्र खरे काय समजले ते सांगून जाते. आहारशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पेज शिजविण्याबरोबरच हे संभाषणही शिकविले जावे, एवढीच या विवेचनाची फलश्रुती.