मोठ्या आतड्यापर्यंत पोचणारं जेवण

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातले 20 कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले 20 जण. शास्त्रज्ञांनी दोन्ही गटांच्या जेवणाची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली. अमेरिकनांच्या ताटात मक्याचे पदार्थ, चवळी, भाज्या आणि फळं आली. खेड्यातल्या माणसांना सॉसेज, बर्गर आणि तळलेले बटाटे मिळाले. अमेरिकनांच्या रोजच्या खाण्यातला चोथा, म्हणजे तंतुमय भाग, 55 ग्रॅमपर्यंत वाढला, तर आफ्रिकनांचा 66 ग्रॅमवरून 12 वर आला.

2015 साली प्रसिद्ध झालेले या प्रयोगाचे निष्कर्ष थक्क करणारे होते. अवघ्या चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यातली सूज उतरू लागली आणि तिथल्या जिवाणूंकडून तयार होणारं ब्युटिरेट हे आम्ल अडीच पटीने वाढलं. आफ्रिकनांच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण एका समाजात खूप आणि दुसऱ्यात नगण्य का, या प्रश्नातून हा प्रयोग सुरू झाला होता. आतड्यातलं जग ताटाच्या किती मुठीत आहे, हे त्यातून दिसलं.

हे जग लहान नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे साधारण त्याच्या स्वतःच्या पेशींइतकेच, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. अडचण अशी की आपण खाल्लेलं बरंचसं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. साखर, मैदा, तेल, तूप, प्रथिनं यांचा फडशा लहान आतड्यातच पडतो. पुढे जातो तो चोथा. माणसाला न पचणारा हा चोथा जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवरच जगतात. चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू थेट अस्तरावरच्या श्लेष्माकडे वळतात आणि तो संरक्षक थर पातळ होऊ लागतो. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे.

म्हणूनच आतड्यातले जिवाणूही मारणाऱ्या अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर किंवा पोट वारंवार बिघडत असताना ‘चांगले जिवाणू कोणत्या गोळीतून मिळतील?’ या प्रश्नाआधी एक प्रश्न विचारायला हवा: जे उरले आहेत, त्यांना आपण जेवायला काय घालतो आहोत?

गोळ्यांविषयी इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 2018 मध्ये अनपेक्षित गोष्ट दाखवली. निरोगी स्वयंसेवकांना अँटिबायोटिक दिल्यानंतर काहींना प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल दिल्या, काहींना काहीच दिलं नाही. काहीच न घेतलेल्यांचा मूळ जिवाणूसमूह लवकर परतला. कॅप्सूलवाल्यांच्या आतड्यात बाहेरून आलेले जिवाणू ठाण मांडून बसले आणि मूळच्यांचं परतणं काही महिने रेंगाळलं. प्रयोग लहान होता, आणि अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला काही प्रोबायोटिक मदत करतात हेही खरं आहे. पण जुलाब थांबणं वेगळं आणि मूळ वस्ती पुन्हा नांदू लागणं वेगळं.

मग दही-ताकाचं काय? इथे पुरावा उत्साह वाढवणारा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात 36 निरोगी प्रौढांना दोन आहारांत विभागून दहा आठवडे पाहिलं गेलं. दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि सूज दाखवणारी रक्तातली 19 प्रथिनं कमी झाली. चोथा वाढवलेल्या गटात विविधता तेवढ्या काळात सरसकट वाढली नाही. ज्यांच्या पोटात आंबवणारे जिवाणूच तुटपुंजे उरले आहेत, त्यांना नुसता चोथा वाढवून लगेच फळ मिळणार नाही, असा याचा अर्थ असू शकतो. दोन्ही सोबत चालवावं, हे शहाणपणाचं.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात ही जोडी आधीपासून आहे. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, कच्चा कांदा आणि वाटीभर ताक या ताटात चोथाही आहे आणि जिवंत जिवाणूही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच पॉलिश तांदळात तीनहून कमी. अख्ख्या मुगात 15 हून अधिक. कांद्या-लसणातला इन्युलिन हा चोथा जिवाणूंना विशेष आवडतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या संशोधकांना भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला हे जिवाणू मुबलक आढळले. धान्य-कडधान्यांवर जगणाऱ्या समाजांत ते जगभर दिसतात. याउलट थायलंडमधून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि कारेन स्थलांतरितांच्या पोटात प्रिव्होटेलाची जागा दुसऱ्या जिवाणूंनी घेतल्याचं 2018 मध्ये दिसलं. गावची भाकरी सोडून पावावर आलेल्या कोणत्याही कुटुंबाने हे मनावर घ्यावं.

काही बारकावे मात्र लक्षात ठेवायला हवेत. कढी चविष्ट असते, पण उकळल्यावर तिच्यातले जिवाणू मरतात. ताक गार किंवा कोमटच प्यावं. ज्वारी-नाचणीची आंबील शिजवून गार झाल्यावर तिच्यात ताक घातलं तर जिवाणू जिवंत पोटात जातात. शिजवून गार केलेल्या भातात न पचणारा स्टार्च वाढतो आणि तो मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. मात्र असा भात लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात विषबाधा करणारे जिवाणू वाढू शकतात. सारं एकाच धान्यावर, एकाच भाजीवर भागवण्यापेक्षा आठवड्यात हुलगे, चवळी, वाल, मूग यांची अदलाबदल करावी, कारण वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळा चोथा लागतो.

घाई करू नये. एकदम उसळींचा मारा केला तर गॅस, फुगी, पोटात कळा ठरलेल्या. आठवड्या-आठवड्याने वाढवावं आणि पाणी भरपूर प्यावं. पोट सतत हुळहुळं असणाऱ्या काहींना कांदा-लसूणच सोसत नाही. त्यांनी सोसेल त्या भाज्यांपासून सुरुवात करावी. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे खालावली आहे, त्यांनी प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. आणि अँटिबायोटिकनंतर पाण्यासारखे जुलाब वारंवार होत असतील, शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप असेल, तर ताक-भाकरीवर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या जिवाणूची लागण अशीच सुरू होते आणि तिला वेगळे उपचार लागतात.