फुगा, छर्रा आणि अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू होते न होते तोच आमच्या वर्गात एक कुजबुज चालू होते. "बाई, जत्रा कधी?" मी राहते कर्जतला आणि शिकवते खालापूर तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत. कार्तिकी एकादशीला खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. विठोबाच्या नावात बोंबील कसा आला, ते या यात्रेत पाय ठेवल्याबरोबर नाकालाच कळतं! सुके बोंबील, सुकट, सोडे यांचे ढीगच्या ढीग. घरातली मोठी माणसं तिकडे घासाघीस करत असतात. आणि तुम्ही? तुम्ही एकतर आकाशपाळण्याखाली मान वर करून उभे असता, नाहीतर फुग्यांच्या बंदुकीपाशी.

फळीवर रांगेने लावलेले लाल, पिवळे, निळे फुगे. समोर टेबल, टेबलावर दोन-तीन बंदुका आणि वाटीत छर्रे. माथेरानला गेलात तर तिथेही पॉइंटांवर असे फुगे तुमची वाट बघत असतात. आज आपल्याला याच बंदुकीविषयी बोलायचं आहे. पण त्याआधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गातली काही मुलं आणि त्यांचे पालक असे आम्ही मिळून यात्रेला गेलो होतो. चौथीतला एक मुलगा (नाव सांगत नाही, आता तो चांगला मोठा झालाय, मला रागे भरेल) बंदूक घेऊन उभा राहिला. छर्रा भरलेला, दस्ता खांद्याला टेकवलेला, एक डोळा मिटलेला. इतका छान दिसत होता! मी मोबाइल काढला आणि हाक मारली, "अरे, इकडे बघ!"

तो वळला. आणि त्याच्याबरोबर बंदूकही वळली.

माझ्या बाजूला त्याची धाकटी बहीण उभी होती. टेबलामागच्या बाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून हात लांबवून नळी खालून वर उडवली. फट्! छर्रा वरच्या ताडपत्रीतून आरपार गेला. त्या बाई मुलाला एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, बंदूक हातात असली की पोराला हाक मारायची नाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलाचं काय चुकलं? आपण वळतो तेव्हा हातातली वस्तूही वळतेच. हातात पाण्याचा तांब्या असला तरी वळतो. चूक माझी होती. आणि दिवाळीत टिकल्यांची बंदूक एकमेकांवर रोखून "हँड्स अप" म्हणायची जी सवय आपण लहानपणापासून लावून घेतो, तिचीही होती.

आता ही बंदूक चालते कशी ते बघू. हिच्यात दारू नसते, असते नुसती हवा. सायकलचा पंप घ्या, तोंडावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या जोरात आत ढकला. बोटाला कसा धक्का बसतो? तस्संच इथे होतं. नळी मधून मोडून खाली वाकवली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे अडकून बसतो. नळीच्या मागच्या तोंडात छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि ती छर्‍याला बाहेर हाकलते. छर्रा शिशाचा, मधे बारीक कंबर असलेला, डमरूसारखा. शिसं पोटात जाणं वाईट, म्हणून छर्रे हाताळल्यावर भेळ खायच्या आधी हात साबणाने धुवायचे. तोंडात छर्रे धरून ठेवणारे शूरवीर मी पाहिलेत. तसं मुळीच करू नका.

तुम्ही म्हणाल, "बाई, पण नेम धरूनही फुगा फुटत नाही, बंदूकच वाकडी असते!" दोस्तांनो, पुष्कळदा तुमचं खरं असतं. नळीच्या टोकाला एक छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ती माशी बघून नेम धरायचा. जत्रेतली बंदूक दिवसभर शंभर हातांतून जाते, पडते, आपटते. माशी जरा कलली की नेम चुकला. चांगल्या नळीच्या आतून मळसूत्रासारखे पीळदार आटे असतात, त्यांच्यामुळे छर्रा स्वतःभोवती फिरत सरळ जातो. तेही झिजलेले असतात. मग करायचं काय? पहिला छर्रा फुगा फोडायला मारायचाच नाही. तो फळीवर कुठे लागतो ते नीट बघायचं. नेमाच्या वीतभर उजवीकडे लागला, तर पुढचा नेम वीतभर डावीकडे. वाकडी बंदूक सगळे छर्रे साधारण एकाच बाजूला फेकते. आपला हात मात्र दर वेळी नव्या बाजूला हलतो!

आता गंमत ऐका. जत्रेतल्या छर्‍याची जाडी असते साडेचार मिलिमीटर. आणि ऑलिंपिकमधल्या दहा मीटर एअर रायफलच्या छर्‍याची? तीही साडेचार मिलिमीटरच! दोघी बंदुका एकाच घराण्यातल्या. एक जत्रेत राबते, दुसरी परदेशी जाऊन पदकं आणते.

हा एअर रायफलचा खेळ ऑलिंपिकमध्ये आला १९८४ साली, लॉस एंजेलिसला. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने याच प्रकारात भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं. २०२२ साली कैरोला ठाण्याचा अठरा वर्षांचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला. दहा मीटरवर एक कागद किंवा त्याच्या जागी हल्ली वापरतात ते इलेक्ट्रॉनिक लक्ष्य. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, अर्ध्या मिलिमीटरचा. पट्टीवर एक मिलिमीटर बघा आणि त्याचा निम्मा करा. म्हणजे पेन्सिलचं टोक टेकवल्यावर उमटतो तेवढा!

थोडं गणित करू, चालेल ना? समजा बंदूक एक मीटर लांब आहे आणि तिचं पुढचं टोक फक्त एक मिलिमीटर हललं. तीन मीटरवरच्या फुग्यापाशी ही चूक तीन मिलिमीटर होते. फुगा चांगला वीतभर, त्याला काय त्याचं? तो फुटतोच. पण दहा मीटरवर तीच चूक दहा मिलिमीटर होते. तिथलं प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असतं, म्हणजे दहा गुणांचे थेट सातच्या आसपास. आणि असे साठ नेम मारायचे असतात.

अशी न हलणारी माणसं आपल्या जवळच आहेत. सुमा शिरूर यांनी २००४ साली आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत चाळीस छर्‍यांत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. एकही छर्रा दहाच्या बाहेर नाही! त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी त्यांनी गाठली. पुढे त्यांनी आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला, 'लक्ष्य' नावाचा नेमबाजीचा क्लब सुरू केला. अवनी लेखरा ही चाकाच्या खुर्चीवरून खेळणारी मुलगी, जिने टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिकमध्ये एअर रायफलचं सुवर्णपदक जिंकलं, ती सुमाताईंचीच शिष्या. आणि अंजली भागवत? त्या मुंबईत कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये गेल्या आणि तिथून नेमबाजीकडे वळल्या. २००० साली सिडनीला त्यांनी अंतिम फेरी गाठली होती.

सगळ्यांना हवेचीच बंदूक आवडते असं नाही बरं का. कुणाला खरी गोळी उडवणारी पॉइंट टू-टू रायफल आवडते. एन.सी.सी.ची मुलं हिच्यावरच पहिले धडे गिरवतात. पन्नास मीटरवर हिच्याने नेम मारायचे, गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पालथं झोपून मारायच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला तिन्ही प्रकार मिळून असलेल्या स्पर्धेत कांस्यपदक आणलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं होतं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वप्नीलचे वडील शिक्षक आहेत, हे वाचून मला उगाचच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं! राही सरनोबतला आवडतं पिस्तूल, एका हाताने धरायचं. तिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. आणि कुणाला आवडते बारा बोअरची बंदूक, आकाशात उडवलेल्या मातीच्या थाळ्या फोडायची. त्यात मात्र आवाजाने कान बसतात, म्हणून कानाला झाकणं लावावी लागतात.

मी स्वतः यातली कुठलीच चालवलेली नाही. जत्रेतली चालवली आहे. दहात चार फुगे. हसू नका.

यात्रेतल्या त्या प्रसंगानंतर तो मुलगा गप्प गप्प असायचा. कागदाची बंदूकसुद्धा हातात घेईना. मला वाईट वाटायचं, कारण चूक माझी आणि भीती बसली त्याला. मग मी नेमबाज सराव कसा करतात ते शोधून वाचलं. तुम्हाला ठाऊक आहे का, हे मोठे खेळाडू कितीतरी वेळ छर्रा न भरताच सराव करतात! भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत नुसतं उभं राहायचं, श्वास अर्धा सोडून थांबवायचा, नेम स्थिर झाला की हळूच चाप दाबायचा. आणि सहा-सात सेकंदांत नेम जमला नाही तर? तर ओढूनताणून मारायचं नाही. बंदूक खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आम्ही वर्गात याचा खेळ केला. तुम्हीही करा. भिंतीवर खडूने एक ठिपका काढा. एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली घ्या. तिचं वजन झालं साधारण एक किलो, स्पर्धेतलं एअर पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलोचं असतं. हात सरळ करून बाटलीचं बूच ठिपक्यावर धरा आणि तीस अंक मोजा. बूच हवेत आपोआप मराठी आठ काढायला लागतं! पहिल्या दिवशी आमच्या वर्गात कुणालाच तीस अंक जमले नाहीत. महिनाभराने जमले ते दोघांना, आणि त्यातला एक तो होता. आमचा नियम एकच होता: बाटली कुणाकडेही वळवायची नाही, रिकामी असली तरी. हाक आली तर आधी बाटली खाली ठेवायची, मग मान वळवायची.

रेंजवर म्हणजे सरावाच्या जागेवरही असंच असतं. नळी सदैव लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि बंदूक हातात नसेल तेव्हा तिच्या नळीतून एक रंगीत दोरी आरपार ओवून ठेवायची, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. ऑलिंपिक विजेत्यालाही दोरी चुकत नाही.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. साडेचार मिलिमीटरची, ठरावीक जोराच्या आतली हवेची बंदूक घ्यायला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं ठरत नाही. डोळ्याला लागली तर डोळा जातो. वाढदिवसाला ती घरी आणून परसात सोडून देऊ नका. पोराच्या हाती बंदूक आली की त्याचा पहिला नेम कुठे जातो ते आपल्या गावात सांगायला नको, बेचकीचा जातो तिथेच. पक्ष्यांना मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे पोराला माहीत नसतं, आपल्याला असायला हवं. खरंच आवड दिसली तर क्लबात घेऊन जा. स्पर्धेची रायफल लाखाच्या वर जाते, पण पहिल्याच दिवशी ती विकत घ्यायची नसते. क्लबातल्या बंदुकीवर शिकता येतं. मुलाला ती आवडते की नुसता फट् आवाज आवडतो, ते महिन्याभरात कळतं.

पुढच्या वर्षी एकादशीला आम्ही पुन्हा साजगावला गेलो. तोच तंबू, त्याच बाई, वर ताडपत्रीला एक ठिगळ. त्यांनी आम्हाला ओळखलं. मुलगा टेबलापाशी गेला, दहा छर्‍यांचे पैसे दिले. पहिला छर्रा त्याने फळीवर मारला आणि कुठे लागला ते बघून आला, म्हणजे आधी बंदूक टेबलावर ठेवली, बाईंना विचारलं, मग गेला. दुसर्‍याला लाल फुगा फुटला. तिसर्‍याला त्याच्या शेजारचा. त्याची बहीण या वेळी माझा हात धरून पार मागे उभी होती.

सातव्या वेळी त्याने नेम धरला, बराच वेळ धरला, आणि मग बंदूक खाली घेतली. नळी फळीकडेच ठेवून एक मोठा श्वास घेतला. मागच्या रांगेतला कुणीतरी ओरडला, "अरे मार की!" त्याने मान वळवली नाही.

बाईंनी शेंगा सोलायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मोबाइल माझ्या पिशवीत, तळाशी होता.