फटफटीपासून ग्रुप राइडपर्यंत : सातारा-सांगलीच्या मोटारसायकलप्रेमाचा मागोवा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मोटारसायकलचा शौक फौज, शेती आणि दूधधंदा यांच्या गरजेतून वाढला. फटफटी आधी कामाला आली आणि मग हौसेची झाली. गाडीविषयीचे ज्ञान मात्र सुरुवातीपासून तोंडी राहिले. ते आधी गॅरेजच्या बाकड्यावर आणि पुढे राइडच्या थांब्यांवर एकाकडून दुसऱ्याकडे गेले.

या शौकाचा पहिला मानकरी बुलेट. 1950च्या दशकात भारतीय लष्कराने ही गाडी घेतली आणि 1955 मध्ये मद्रासला ती बनवणारी एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. ‘मिलिटरी अपशिंगे’सारखी फौजींची गावे असलेल्या साताऱ्यात या गाडीला वेगळाच मान मिळाला. कृष्णाकाठी ऊस आणि साखर कारखाने वाढले, तशी ती बागायतदाराच्या दारातही दिसू लागली. जुनी बुलेट चालू करणे ही शिकून घेण्याची गोष्ट होती. किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर ओढून किक किंचित पुढे सरकवायची आणि मग पूर्ण वजनाने मारायची. घाई केली तर किक उलटी येऊन पायाला झटका बसे. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असल्याने नवख्याला गाडी देताना मालक आधी सोबत बसून फेरी मारायला लावी.

1960च्या दशकात म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. राजदूत दुधाच्या कॅन वाहून नेणाऱ्यांची झाली, तर जावा आणि 1973 पासून तिच्या जागी आलेली येझदी तरुणांची. येझदीच्या गिअरचा दांडा आत दाबून फिरवला की तोच किक बने. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचे, प्लग कधी साफ करायचा, पॉइंटचे अंतर किती ठेवायचे, हे सारे मिस्त्रीच्या हाताखाली उभे राहून कळे. त्यामुळे गॅरेज हीच शौकिनांची पहिली बैठक ठरली.

1970च्या दशकात साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्स सुरू झाली आणि तिथली प्रिया घरोघरी गेली. 1985 मध्ये हीरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100 बाजारात आल्या. पहिलीने अॅव्हरेज दिले, दुसरीने पिकअप. 98 सीसीच्या आरएक्सची 11 अश्वशक्ती त्या काळच्या तरुणाला पुरून उरे. 1990च्या दशकात एन्फिल्डची 325 सीसीची डिझेल टॉरसही आली. वेग बेताचा, पण इंधनखर्च कमी, म्हणून रोज ये-जा करणाऱ्यांना ती परवडे. 1996 मध्ये आरएक्स 100 आणि येझदी दोन्हींचे उत्पादन थांबले.

2001 मध्ये बजाजची पल्सर आली. पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला आणि लांब पल्ला आवाक्यात आला. 2012 मध्ये चाकणहून केटीएम ड्यूक आली, 2016 मध्ये एन्फिल्डची हिमालयन. रविवारी पहाटे निघून नाश्त्याला थांबण्याची प्रथा रुळली. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कास, पुढे बामणोली. ठोसेघर आणि चाळकेवाडीची पवनचक्क्यांची पठारे. वाईहून पसरणी घाट. मेढ्याहून केळघर घाट. पाटणहून कुंभार्ली घाट. हे इथले नेहमीचे रस्ते. सांगलीकर दंडोबा, सागरेश्वर आणि चांदोलीकडे वळतात, तर कोकणासाठी कोल्हापूरमार्गे आंबा घाट धरतात. गोव्यातील रायडर मेनिया (2023 पासून मोटोव्हर्स) या मेळ्याला आणि 2013 पासूनच्या इंडिया बाइक वीकला निघालेले पुण्या-मुंबईचे रायडरही याच महामार्गाने जातात.

ग्रुप राइडने शिस्त आणली. पुढे लीड, मागे स्वीप, मध्ये एकाआड एक डावी-उजवी ओळ आणि खड्डा दिसताच पायाने किंवा हाताने खूण. या भागाचे काही धडे मात्र इथलेच आहेत. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री बऱ्याचदा मागच्या दिव्याशिवाय धावतात. शेतातून वर आलेल्या चाकांची काळी माती डांबरावर पडते आणि शिंतोड्यापुरता पाऊस झाला तरी रस्ता साबणासारखा निसरडा होतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुके असते. रात्रीची राइड टाळावी, हे इथले जाणते रायडर नव्यांना आवर्जून सांगतात.

2019 च्या महापुरात सांगलीत असंख्य दुचाक्या पाण्याखाली गेल्या. तेव्हा तोंडी ज्ञानाची किंमत कळली. बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही. आधी इंजिन ऑइल आणि टाकी रिकामी करायची, प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर घालवायचे, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर साफ करायचा. घाई झाली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी नव्या रूपात परतल्या. जुन्यांचे जतनही वाढले असून जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे मालक एकत्र येतात. फटाका सायलेन्सरवर पोलिसांची कारवाई होते आणि ती रास्तच आहे. कासचे पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून 2012 पासून जागतिक वारसा आहे. तिथे गाडी ठरलेल्या तळावरच लावावी, आवाज कमी ठेवावा. जुन्या पिढीने गाडी सांभाळायला शिकवले. नव्या पिढीने तीच काळजी रस्त्याची आणि डोंगराची घेतली, तर हा शौक या दोन्ही जिल्ह्यांत मानाने टिकेल.