महिला पोलिसांना 8 तासांचीच ड्युटी का? समजून घ्या

बडनेरा ठाणे अमरावती शहर पोलीस आयुक्तालयात येते. महिला पोलिसांना 12 ऐवजी 8 तासांची ड्युटी, हा प्रयोग आधी याच आयुक्तालयात, नागपूर शहरात आणि पुणे ग्रामीणमध्ये झाला. सप्टेंबर 2021 मध्ये तत्कालीन पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी तो राज्यभर लागू केला.

फक्त महिलांनाच का?
बंदोबस्त, रात्रपाळी, रद्द होणारी सुट्टी हा ताण दोघांनाही असतो. फरक घरी पडतो. 2019 च्या केंद्रीय सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिलांचे त्यात रोज सरासरी 299 मिनिटे जातात, पुरुषांची 97.

पळवाट होती का?
या आदेशानुसार सण किंवा आणीबाणीत वरिष्ठांच्या परवानगीने तास वाढवता येत होते.

पुरुषांचे काय?
या आदेशात ते नव्हते. ‘ताण आलाय’ म्हणणे खाकीत कमीपणाचे वाटते, म्हणून त्यांचा थकवा बोललाच जात नाही.