विमानांचे वाटाडे कोठे घडतात?

भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याने पुढे काय करावे, हा प्रश्न तालुक्याच्या महाविद्यालयांत दरवर्षी विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा शिक्षकी पेशा, बँकेची परीक्षा किंवा लोकसेवा आयोग एवढ्यावरच थांबते. नेमक्या याच दोन विषयांच्या पायावर उभा असलेला एक व्यवसाय मात्र ग्रामीण भागात फारसा कोणास ठाऊक नाही. तो म्हणजे विमान वाहतूक नियंत्रकाचा. या व्यवसायाचे शिक्षण कोठे मिळते, त्यात महाविद्यालयाचा वाटा किती आणि प्रत्यक्ष कामाच्या जागेचा किती, याविषयी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. अमेरिकेने हे शिक्षण महाविद्यालयांकडे सोपवून पाहिले. आपल्या देशाने वेगळी वाट धरली. या दोन्ही पद्धतींची माहिती विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांस उपयोगी पडावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

काम काय असते?

विमानतळावरील उंच मनोऱ्यात बसून धावपट्टीवरील विमानांना उड्डाणाची व उतरण्याची अनुमती देणारा नियंत्रक लोकांच्या थोडाबहुत परिचयाचा असतो. परंतु त्याचे बरेचसे सहकारी मनोऱ्यात नसतात. ते खिडकी नसलेल्या, मंद प्रकाशाच्या दालनात रडारच्या पडद्यासमोर बसतात आणि त्यांनी मार्गी लावलेले विमान त्यांच्या दृष्टीस कधीच पडत नाही. विमानतळाच्या परिसरात येणारी-जाणारी विमाने एक जण सांभाळतो, तर दूरच्या हवाई मार्गांवरून उंचावरून जाणारी विमाने दुसरा. भारताचे आकाश यासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई अशा चार मुख्य क्षेत्रांत विभागलेले आहे. मुंबईचे क्षेत्र अरबी समुद्रावर दूरवर पसरलेले असून, जेथे रडार पोहोचत नाही तेथे विमानाने कळविलेली वेळ, जागा आणि उंची यांवरून हिशेब ठेवावा लागतो.

हिशेब हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन जेट विमाने एका मिनिटात परस्परांमधील तीस किलोमीटरचे अंतर संपवितात. म्हणून उंचावरील मार्गांवर दोन विमानांत उंचीचा फरक किमान एक हजार फूट, म्हणजे सुमारे तीनशे मीटर, ठेवण्यात येतो. तो ठेवणे शक्य नसेल, तर रडारच्या कक्षेत आडवे अंतर सामान्यतः पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, राखावे लागते. विमानतळाजवळ ते तीन मैलांपर्यंत कमी करता येते. खाली उतरणाऱ्या विमानास एक हजार फूट उंची सोडण्यास ढोबळमानाने तीन सागरी मैल लागतात. तेव्हा तीस हजार फुटांवरील विमानास खाली येण्याची सूचना नव्वद मैल आधी मिळाली पाहिजे, आणि वाटेत दुसरे विमान आडवे जाणार असेल तर त्याचाही विचार त्याच क्षणी झाला पाहिजे. कागद-पेन्सिल घेऊन बसण्यास येथे उसंत नसते.

मुंबईचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. सांताक्रूझच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. पण त्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. अशा स्थितीत २०१८ साली या विमानतळाने एका दिवसात एक हजाराहून अधिक विमानांची ये-जा हाताळली. दिवसाचे चोवीस तास धरले तरी सरासरी दर दीड मिनिटास एक विमान, आणि गर्दीच्या वेळी त्याहूनही अधिक.

शब्दांची शिस्त

गणिताइतकेच महत्त्व भाषेस आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावरील धावपट्टीवर दोन जम्बो जेट विमाने दाट धुक्यात एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्यू पावली. उड्डाणाची अनुमती मिळालेली नसताना एक विमान धावू लागले होते. त्याच्या वैमानिकाचे मोघम वाक्य आणि मनोऱ्यातून मिळालेले 'ओके' हे तितकेच मोघम उत्तर, या दोहोंमुळे कोणास काय समजले याचा घोटाळा झाला. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द केवळ प्रत्यक्ष उड्डाणाची अनुमती देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, असा दंडक घालण्यात आला.

आपल्या देशातही अशी एक घटना घडली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने टकरली व ३४९ जणांचा अंत झाला. कझाक विमानास पंधरा हजार फुटांवर राहण्यास सांगण्यात आले होते आणि सौदी विमान चौदा हजारांवर होते. नियंत्रकाच्या सूचना बरोबर होत्या. परंतु कझाक विमान आपली उंची सोडून खाली आले. चौकशीत त्या विमानातील कर्मचाऱ्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हाही मुद्दा पुढे आला.

यास्तव नियंत्रकाच्या प्रशिक्षणात ठरावीक शब्दावली, आकडे एकेक करून उच्चारणे आणि वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखविली की ती लक्षपूर्वक ऐकणे, यांवर फार भर असतो. नऊ या अंकासाठी 'नाइन' न म्हणता 'नायनर' म्हणतात, कारण रेडिओच्या खरखरीत 'नाइन' व 'फाइव्ह' यांची गल्लत होते. ऐकणाऱ्यास हा प्रकार प्रथम काहीसा गमतीचा वाटतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नियंत्रकाची इंग्रजी किमान चौथ्या पातळीची असावी लागते व त्या पातळीवर असणाऱ्यांची दर तीन वर्षांनी फेरपरीक्षा होते. येथे साहित्यिक इंग्रजी अपेक्षित नाही. स्पष्ट उच्चार, अचूक आकलन आणि अनपेक्षित प्रसंगी साध्या शब्दांत बोलता येणे, एवढे पुरते.

अमेरिकेतील महाविद्यालये

अमेरिकेत ३ ऑगस्ट १९८१ रोजी सुमारे तेरा हजार नियंत्रकांनी संप पुकारला आणि राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी दोनच दिवसांनी अकरा हजारांहून अधिक जणांना सेवेतून काढून टाकले. एवढी माणसे नव्याने घडविण्याचे ओझे ओक्लाहोमा सिटी येथील केंद्रीय विमान प्रशासनाच्या एकमेव अकादमीवर पडले. प्राथमिक शिक्षणाचा भार महाविद्यालयांनी उचलावा, ही कल्पना पुढील दशकात मूळ धरू लागली आणि १९९०च्या सुमारास मोजक्या संस्थांशी करार होऊन तिला औपचारिक रूप आले. पेनसिल्व्हेनियातील बीव्हर काउंटीचे सामुदायिक महाविद्यालय, नॉर्थ डाकोटा विद्यापीठ अशा संस्था त्यांत होत्या. कालांतराने ही संख्या छत्तीसपर्यंत गेली.

या महाविद्यालयांत दोन किंवा चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हवाई कायदा, हवामानशास्त्र, दिशाज्ञान, विमानांचे प्रकार व त्यांची क्षमता, रेडिओवरील संभाषण असे विषय शिकविले जातात. अनेक ठिकाणी कृत्रिम मनोरे, म्हणजे सिम्युलेटर आहेत. भोवतालच्या पडद्यांवर धावपट्टी दिसते, शेजारच्या खोलीत बसलेला दुसरा विद्यार्थी वैमानिकाची भूमिका करतो, आणि शिक्षक मध्येच पाऊस पाडतो किंवा एखाद्या विमानाचे इंजिन बंद पाडतो. अशा शिक्षणाचा उपयोग निश्चित होतो. तथापि पदवी म्हणजे परवाना नव्हे, हे तेथेही प्रारंभापासून स्पष्ट होते. पदवीधरास अकादमीतील पहिल्या काही आठवड्यांचा पायाभूत वर्ग माफ होई. पुढील खडतर भाग मात्र त्यालाही इतरांबरोबर पार पाडावा लागे. त्यात अनुत्तीर्ण होणारा नोकरीस मुकतो. उत्तीर्ण झालेल्यास नेमणुकीच्या ठिकाणी अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली बहुधा दोन-तीन वर्षे काम केल्यावरच स्वतंत्र जबाबदारी मिळते.

या पद्धतीतील खरी अडचण निराळीच होती. विद्यार्थी स्वतःच्या खर्चाने शिकणार आणि नोकरी देणारा मात्र जवळजवळ एकच, तोही सरकारी. २०१४ साली त्या प्रशासनाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे प्राधान्य काढून घेतले, भरती सर्वांस खुली केली आणि पहिल्या चाळणीसाठी पूर्वायुष्याविषयीची एक प्रश्नावली आणली. अठ्ठावीस हजारांवर अर्ज आले. वर्षानुवर्षे फी भरून शिकलेले अनेक जण त्या प्रश्नावलीतच गळाले. अमेरिकेत एकतिसाव्या वर्षापूर्वी अर्ज करावा लागतो व छप्पन्नाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. त्यामुळे पुढील भरतीची वाट पाहताना वय निघून जाण्याची धास्ती होतीच. प्रकरण न्यायालयात गेले. २०१६ मध्ये तेथील संसदेने कायदा करून या पदवीधरांची प्रश्नावलीतून सुटका केली आणि २०१८ मध्ये ती प्रश्नावलीच रद्द झाली. नियंत्रकांची टंचाई वाढू लागताच काटा पुन्हा दुसऱ्या बाजूस झुकला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टल्सा सामुदायिक महाविद्यालय व ओक्लाहोमा विद्यापीठ यांच्याशी नवे करार झाले. त्यांनुसार अकादमीतील संपूर्ण शिक्षण महाविद्यालयातच द्यावयाचे आणि निवड-चाचणी, वैद्यकीय व सुरक्षाविषयक तपासणी यांत उत्तीर्ण झालेल्या पदवीधराने थेट नेमणुकीच्या जागी रुजू व्हावयाचे. अकादमीचाच दर्जा महाविद्यालयात कसा राखावयाचा, हा या व्यवस्थेतील नाजूक भाग आहे.

आपली वाट

भारतात क्रम उलटा आहे. येथे आधी निवड आणि मग प्रशिक्षण. १ एप्रिल १९९५ रोजी स्थापन झालेले भारतीय विमानपत्तन प्राधिकरण कनिष्ठ कार्यकारी या पदासाठी जाहिरात देते आणि निवडलेल्यांनाच आपल्या संस्थांत शिकविते. यांतील सर्वांत जुनी संस्था म्हणजे १९४८ पासूनचे अलाहाबादचे, म्हणजे आजच्या प्रयागराजचे, नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय. दुसरे केंद्र हैदराबादला आहे आणि तिसरे आपल्याच राज्यात, गोंदियानजीक बिरसी येथे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या धावपट्टीच्या आसऱ्याने, भातशेतीच्या मुलुखात, देशभरातून आलेले तरुण-तरुणी आज हे शिक्षण घेतात. गोंदियाच्या बाहेर ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे नवल वाटते.

प्रशिक्षण संपल्यावर नेमणुकीच्या विमानतळावर प्रत्यक्ष कामाचा सराव, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा आणि त्यानंतर त्या जागेपुरता अधिकार, असा क्रम असतो. एका विमानतळाचा अधिकार दुसरीकडे चालत नाही. बदली झाली की तेथील धावपट्ट्या, डोंगर, मार्ग यांचा अभ्यास नव्याने करून पुन्हा परीक्षा द्यावी लागते. पुण्याच्या लोहगावला हे काम वायुदलाचे आणि गोव्याच्या दाबोळीस नौदलाचे नियंत्रक पाहतात, हेही जाता जाता सांगावयास हवे. त्यांची भरती त्या त्या दलामार्फत होते.

म्हणजेच अमुक पदविका घेतल्यास नियंत्रक होता येईल, असे कोणी सांगू लागल्यास पालकांनी सावध राहावे. खासगी संस्थेतील कोणत्याही पदविकेमुळे आपल्या देशात नियंत्रकाच्या खुर्चीवर बसण्याचा अधिकार मिळत नाही. परीक्षेची तयारी करून घेणे वेगळे आणि प्रशिक्षण वेगळे.

महाविद्यालयाने काय पाहावे?

अलीकडील जाहिरातींप्रमाणे पात्रतेसाठी भौतिकशास्त्र व गणित या दोन्ही विषयांसह विज्ञानाची पूर्णवेळ नियमित तीन वर्षांची पदवी लागते. किंवा कोणत्याही शाखेची अभियांत्रिकी पदवी चालते, मात्र तिच्या एखाद्या सत्रात हे दोन्ही विषय असावे लागतात. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी येथेच बाद होतात. तेव्हा हा निर्णय पदवीनंतरचा नसून पदवीच्या पहिल्या वर्षाचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य व गौण विषय निवडताना हे दोन्ही विषय गुणपत्रिकेवर येतील, याकडे विभागप्रमुखांनी लक्ष दिल्यास एखाद्या होतकरू मुलाची तीन वर्षे वाचतील.

वयोमर्यादा सत्तावीस वर्षांची असून अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच व इतर मागासवर्गीयांसाठी तीन वर्षांची सवलत आहे. मुलींना अर्जाचे शुल्क माफ असते. जागा २०२२ साली ४००, २०२३ मध्ये ४९६ आणि २०२५ मध्ये ३०९ होत्या. हे आकडे संपूर्ण देशाचे आहेत, त्यामुळे स्पर्धेची तीव्रता ध्यानात यावी. परीक्षा संगणकावर दोन तासांची व १२० प्रश्नांची असते. निम्मे प्रश्न भौतिकशास्त्र व गणिताचे, निम्मे इंग्रजी, तर्कबुद्धी, सामान्यज्ञान इत्यादींचे, आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी, आवाजाची चाचणी, मानसिक क्षमतेची व अमली पदार्थांविषयीची चाचणी, तसेच वैद्यकीय तपासणी होते.

आवाजाच्या चाचणीची आपल्याकडील मुलांना विशेष भीती वाटते. मराठी वळणाचे उच्चार हा दोष नव्हे. अडखळणे आणि अस्पष्टता हा दोष होय. शाळेत दररोज पाच मिनिटे इंग्रजी उताऱ्याचे प्रकट वाचन आणि ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखविण्याचा सराव करून घेतल्यास ही भीती बरीच कमी होईल. त्यास कोणत्याही सिम्युलेटरची गरज नाही.

रंगांच्या ज्ञानाची तपासणी मात्र लवकर करून घ्यावी. रेडिओ बंद पडल्यास मनोऱ्यातून विमानास लाल, हिरव्या व पांढऱ्या प्रकाशझोताने इशारे द्यावे लागतात. त्यामुळे ज्यास लाल-हिरवा भेद स्पष्ट दिसत नाही, त्यास या पदाच्या वैद्यकीय तपासणीत अडचण येते. पुष्कळ मुलांना आपल्या दृष्टीतील हा दोष नोकरीच्या तपासणीपर्यंत ठाऊकच नसतो. रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यावरील ही तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होते. ती अकरावीत प्रवेश घेतानाच करून घेता येईल.