सांध्यांतील धातु आणि कातडीची साक्ष

गुडघ्याचा झिजलेला सांधा काढून धातूचा बसविण्याची शस्त्रक्रिया आज सर्वपरिचित झाली आहे. या सांध्यांत बहुधा कोबाल्ट व क्रोमियम यांचा मिश्रधातु असतो आणि त्यांत निकेलचाही अल्प अंश असतो. नकली दागिन्यांनीं कानाची पाळी चिघळते, तिच्या मुळाशीं पुष्कळदां हेंच निकेल असतें. तेव्हां जें कातडीला सोसत नाहीं, तें हाडाला कसें सोसावें, ही शंका साहजिक होय.

या ॲलर्जीच्या परीक्षेचा पाया योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानें १८९५ सालीं घातला. धातूंचे क्षार व्हॅसलिनमध्यें कालवून त्यांच्या लहान पट्ट्या पाठीवर चिकटवितात. ४८ तासांनीं त्या काढतात. कातडी मात्र पुढें एकदोन दिवसांनीं, कित्येकदां सातव्या दिवशींही, पुन्हां पाहतात. कारण ही प्रतिक्रिया सावकाश उमटते. लाली, सूज, पुटकुळ्या दिसल्या म्हणजे धातु सोसत नाहीं असें समजावयाचें.

परंतु कातडीची साक्ष म्हणजे सांध्याचा निकाल नव्हे. या परीक्षेंत दोषी ठरलेलाच धातु गुडघ्यांत घेऊन पुष्कळ लोक सुखानें हिंडतफिरत असतात. म्हणून सरसकट सर्वांची परीक्षा करण्याची शिफारस नाहीं. ज्याला धातूचा त्रास पूर्वीं झाला असेल, त्यानें तो शस्त्रक्रियेआधींच सांगावा. निकेल टाळणारे सांधेही मिळतात. बसविलेला सांधा दुखूं लागल्यास प्रथम जंतुसंसर्ग व सांध्याचा सैलपणा यांचा शोध व्हावा. तो न करतां ॲलर्जीला दोष देणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणेंच होय.