सकाळचा खोकला आणि कफ : ही सवय नव्हे, तक्रार आहे

पहाटे उठायचं, पाच-दहा मिनिटं खोकायचं, एकदा बेडका पडला की मोकळं वाटतं, मग चहा. खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीसारख्या गावांत असा दिवस सुरू करणारी माणसं कमी नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : 'थंडीत होतंच', 'विडीचा खोकला, तो कुठे जातोय?' आम्हाला काळजी वाटते ती या उत्तराचीच.

कफ मुळात शत्रू नाही. श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. धूळ, जंतू चिकटलेला कफ ते सतत घशाकडे ढकलतात आणि आपण तो नकळत गिळतो. विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने हे तंतू मंदावतात, कफ मात्र जास्त तयार होतो. रात्री आडवे पडल्यावर तो साचतो, झोपेत खोकलाही कमी येतो. उठून बसलो की साचलेलं सगळं एकदम हलतं. म्हणून खोकला सकाळी.

आता आपल्याकडे धूर कुठून येतो ते पाहू. घाटाखालच्या या पट्ट्यात हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते, धूर वर जात नाही. खोपोली-खालापूर भागात कारखाने आहेत, अवजड वाहनं आहेत, उन्हाळ्यात राब भाजतात. पण बाईच्या छातीत सर्वात जवळून जाणारा धूर घरातलाच. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरात आला. तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक घरांत अजून लाकडावरच. त्यात मशेरी. तवा तापवून बंद खोलीत तंबाखू भाजली जाते, बाजूला तान्हं मूल झोपलेलं असतं. विडीला कधी हात न लावलेल्या आजीला विडी ओढणाऱ्यासारखा खोकला का, याचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं.

सलग दोन वर्षं, वर्षातले किमान तीन महिने कफाचा खोकला राहिला आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला जुनाट ब्राँकायटिस म्हणतात. दमा, नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, रात्री उशिरा जेवून लगेच झोपल्याने वर येणारं आम्ल, हीही कारणं असतात. भट्टीत किंवा दगडाच्या भुकटीत काम करणाऱ्याने आपलं काम डॉक्टरांना न विसरता सांगावं. ते बहुधा विचारलंच जात नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सर्वात आधी क्षयरोगाची तपासणी. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत आहे, औषधंही मोफत. साधा क्षयरोग सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाला पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात. नमुना सकाळचाच चांगला : चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. तोंडातली लाळ दिली तर रोग असूनही तपासणीत सापडत नाही, आणि त्या एका खेपेसाठी बुडालेली मजुरी वाया जाते. गावात कळेल म्हणून लपवणारे आहेत, पण न लपवता औषध घेणाऱ्यापासून घरच्यांना धोका फार लवकर कमी होतो.

आराम कशाने पडतो? कोमट पाणी घोट-घोट. साध्या पाण्याची वाफ थोडा वेळ चालेल, पण मुलांजवळ उकळतं पातेलं नको. मध एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नको. आतल्या आत कोंडून खोकण्यापेक्षा खोल श्वास घ्या आणि तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ सोडतात तसा 'हाऽऽ' करून जोराने सोडा. तीन-चार वेळा केल्यावर कफ कमी त्रासात सुटतो. खोकला दाबणारं औषध कफ असताना स्वतःच्या मनाने घेऊ नये, उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही नाहीत. चूल शक्य तर उघड्यावर घ्या, मशेरी-विडी सुटत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

'पंप लागला की सुटत नाही' हा समज आमच्या वस्त्यांत पक्का आहे. खरं तर पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून गोळीपेक्षा खूप कमी मात्रा पुरते. डॉक्टरांनी दिला असेल तर लाजू नका, तो ओढायचा कसा हे त्यांच्यासमोरच करून बघा.

थुंकीत रक्त, घटणारं वजन, रात्रीचा घाम, दोन पावलं चालून लागणारी धाप यांतलं काही दिसलं तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.